एका गुंठ्यातलं स्वावलंबन

बंगळूरला स्वतःची मोठी नदी नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेलं हे शहर आज मुख्यतः कावेरीचं पाणी पितं. ते पाणी जवळपास १०० किलोमीटरवरच्या तोरेकाडनहळ्ळीहून तीन टप्प्यांत उपसावं लागतं आणि वाटेत सुमारे ५०० मीटर वर चढवावं लागतं. पाणीपुरवठा मंडळाच्या खर्चातला मोठा वाटा त्यामुळे विजेच्या बिलात जातो. हे नेहमीच असं नव्हतं. केंपेगौडाने वसवलेलं, पुढे शहाजीराजांची जहागीर झालेलं हे गाव शतकानुशतकं तलावांवर आणि विहिरींवर जगलं. १८९६ च्या सुमारास हेसरघट्ट्याहून नळाचं पाणी आलं, १९३३ मध्ये तिप्पगोंडनहळ्ळीहून, १९७४ मध्ये कावेरीहून. पाणी लांबून येऊ लागलं तसे गावातले तलाव बुजत गेले. मॅजेस्टिकचं बसस्थानक आहे तिथे धर्माम्बुधी तलाव होता, कंठीरव स्टेडियम आहे तिथे संपंगी तलाव होता.

मार्च २०२४ मध्ये या सगळ्याचा हिशेब समोर आला. शहरातल्या सुमारे १४,००० सरकारी बोअरपैकी ६,९०० च्या आसपास कोरड्या पडल्या. उपमुख्यमंत्र्यांनी आपल्या घरची बोअरही आटल्याचं जाहीरपणे सांगितलं. पिण्याच्या पाण्याने गाडी धुतली किंवा बागेला पाणी घातलं तर ५,००० रुपये दंड, असा आदेश निघाला. टँकरच्या दरांवर प्रशासनाला मर्यादा घालावी लागली. कोट्यवधींचे फ्लॅट घेतलेली माणसं सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टँकर कधी येणार एवढंच विचारत होती.

विजयनगर भागात मात्र एक घर आहे, ज्याने मंडळाची नळजोडणी कधी घेतलीच नाही. ‘सौरभ’ हे त्याचं नाव. कर्नाटक राज्य विज्ञान आणि तंत्रज्ञान परिषदेत शास्त्रज्ञ असलेले ए. आर. शिवकुमार यांनी नव्वदच्या दशकाच्या मध्याला ते बांधलं आणि दोन दशकांहून जास्त काळ हे कुटुंब पावसाच्या पाण्यावर राहिलं. स्वावलंबी जगण्याचा विषय निघाला की मी लोकांना आधी या घराबद्दल सांगते. यात वैराग्याचा भाग अजिबात नाही. हे चारचौघांसारखं मध्यमवर्गीय घर आहे. फरक इतकाच की बांधायच्या आधी त्याचं गणित केलं गेलं.

ते गणित कुठल्याही शाळकरी मुलाला जमेल असं आहे. प्लॉट ४० बाय ६० फुटांचा, म्हणजे २,४०० चौरस फूट. बंगळूरचा सरासरी पाऊस वर्षाला साधारण ९७० मिलिमीटर. एवढ्या जागेवर वर्षभरात दोन लाख लिटरहून जास्त पाणी पडतं. चार माणसांच्या घराला दिवसाला ४०० लिटर धरले तर वर्षाला दीड लाख लिटरच्या आत भागतं. म्हणजे पाऊस पुरेसा आहे. प्रश्न उरतो तो पाऊस नसलेल्या दिवसांचा. शिवकुमारांनी शंभरेक वर्षांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दोन चांगल्या पावसांमधलं अंतर ९० ते १०० दिवसांपर्यंत जातं असं दिसलं. शंभर दिवस गुणिले ४०० लिटर, म्हणजे ४०,००० लिटर. त्यांनी सुमारे ४५,००० लिटरच्या टाक्या बांधल्या. त्या घराचं सगळं स्वावलंबन या एका गुणाकारावर उभं आहे.

पाणी गाळायची त्यांची युक्ती तर हातात घेऊन बघण्यासारखी. गच्चीवरून खाली येणाऱ्या नळीला एक उभी गाळणी जोडलेली असते. पहिल्या पावसाचं धूळ-पाचोळ्याचं पाणी खालची तोटी उघडून सोडून द्यायचं, मग तोटी बंद करायची. आता पाणी जाळीतून गाळून टाकीकडे जातं. जाळी तुंबली की पाण्याच्या दाबाने आतला भाग वर उचलला जातो आणि पाणी बाहेर सांडू लागतं. घरातल्या माणसाला दुरूनच कळतं की जाळी धुवायची वेळ झाली. वीज नको, मोटर नको, कंत्राटदारही नको. स्वतः सांभाळता येईल असं यंत्र कसं असावं, याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही.

मराठी वाचकाने मात्र हे गणित जसंच्या तसं पुण्याला नेऊ नये. बंगळूरला दोन्ही मोसमी वाऱ्यांचा पाऊस मिळतो; एप्रिलच्या वळवापासून नोव्हेंबरपर्यंत तो थोडाथोडा पडत राहतो. आपल्याकडे चार महिने पाऊस आणि मग आठ महिने कोरडे. तेच ४०० लिटर २४० दिवस पुरवायचे तर ९६,००० लिटरची टाकी लागेल, बंगळूरच्या दुपटीहून मोठी. म्हणून पुण्या-नगरला गच्चीचं पाणी विहिरीत किंवा बोअरच्या भोवती जिरवणं जास्त शहाणपणाचं. स्वावलंबनाची पद्धत त्या त्या गावच्या पावसाने ठरवायची असते, कुणाच्या घराचे फोटो पाहून नाही.

कर्नाटक सरकारने २००९ मध्ये कायदा दुरुस्त करून २,४०० चौरस फूट आणि त्याहून मोठ्या प्लॉटवरच्या घरांना, आणि १,२०० चौरस फुटांपासूनच्या नव्या बांधकामांना, पाऊसपाणी साठवण सक्तीची केली. तरीही पाणीबिलात लागून येणारा दंड दर महिन्याला भरणारे आणि नळी न जोडणारे घरमालक या शहरात हजारोंनी आहेत. याचा मला मनापासून राग येतो. ज्यांच्याकडे छप्पर नाही, जे झोपडपट्टीत सार्वजनिक नळावर रांग लावतात, त्यांच्या वाटची कावेरी ही घरं निव्वळ आळसाने पिऊन टाकतात.

आता गुंठ्याची गोष्ट. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर हे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी प्रयोग परिवार उभा केला, शेतकऱ्यांना आपापल्या शेताचे संशोधक व्हायला शिकवलं, आणि पाच माणसांच्या कुटुंबाला दहा गुंठ्यांत सकस अन्न पिकवता येतं अशी मांडणी केली. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. बंगळूरमधला ठरलेला ३० बाय ४० चा प्लॉट १,२०० चौरस फुटांचा, म्हणजे गुंठ्याला जरा वर. ‘सौरभ’ सव्वादोन गुंठ्यांच्या आत. शहरातल्या माणसाला दाभोळकरांच्या दहा गुंठ्यांचा एक हिस्सा मिळतो आणि त्यातही मधोमध घर उभं असतं. इथे धान्य पिकवून पोट भरण्याची भाषा करणं म्हणजे स्वतःला आणि दुसऱ्याला फसवणं आहे. पण पाणी, कचरा, भाजी, ऊन यांपैकी एखादं खातं पूर्णपणे आपल्या ताब्यात घेणं या एका गुंठ्यात शक्य आहे. बंगळूरमध्ये मला जी यशस्वी उदाहरणं दिसली, ती सगळी अशी एकेक खातं धरून बसलेल्यांची आहेत.

सगळीच खाती एका घरात आणण्याच्या सर्वांत जवळ गेलं आहे ते विद्यारण्यपुरातलं एस. विश्वनाथ आणि वास्तुविशारद चित्रा विश्वनाथ यांचं घर. तळघरासाठी खणलेल्या मातीच्याच विटा दाबून भिंती उभारल्या. १९७४ मध्ये भारतीय विज्ञान संस्थेत अमूल्य रेड्डी यांनी ग्रामीण भागासाठीच्या तंत्रज्ञानाचं ‘अस्त्र’ नावाचं केंद्र सुरू केलं होतं. दाबलेल्या मातीच्या विटांवर तिथे पुष्कळ काम झालं आणि त्यातून या शहरात मातीची घरं बांधणाऱ्यांची एक परंपरा तयार झाली. विश्वनाथांच्या गच्चीवर पावसाचं पाणी साठतं, कपडे धुतलेलं पाणी वनस्पतींच्या वाफ्यातून शुद्ध होतं आणि त्यावर चक्क भात पिकवला गेला. गच्चीवरच कोरडं शौचालय आहे; मूत्र वेगळं साठवून, पाणी घालून झाडांना दिलं जातं, मैल्याचं खत होतं. वाचताना नाक मुरडलं गेलं असेल, तर आपण शौचाला गेल्यावर सात-आठ लिटर पिण्याचं पाणी ओततो आणि ते पुढे कुठल्या तलावात जाऊन मिसळतं, याचाही विचार व्हावा.

विश्वनाथांचं मोठं काम मात्र घराबाहेरचं आहे. बंगळूरमध्ये दहा लाख विहिरी व्हाव्यात अशी मोहीम त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालवली. लोक हजार-दीड हजार फूट बोअर मारतात, पण वरचा, वीस-चाळीस फुटांवरचा जलस्तर विसरतात. गच्चीचं पाणी विहिरीत सोडलं की हा थर भरतो आणि पुष्कळ ठिकाणी विहिरीला पाणी धरतं. कब्बन पार्कातल्या जुन्या विहिरी गाळ काढून पुन्हा जिवंत केल्या गेल्या. हे काम करतात मन्नु वड्डर, म्हणजे आपल्याकडचे माती वडार. पिढ्यान्‌पिढ्या विहिरी खोदणारी ही माणसं. बोअर आल्यावर त्यांचा धंदा बसला होता. कुठे मऊ मुरूम लागेल, कुठे कातळ आडवा येईल, विहिरीच्या कड्या किती खोल उतरवायच्या, हे ती माती हातात चुरगाळून सांगतात. गृहस्थाच्या स्वावलंबनामागे अशा कारागिराचं ज्ञान उभं असतं. विहीर खोदून घेताना त्यांच्या मजुरीत घासाघीस करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलं पाहिजे.

सर्जापूर रस्त्यावरच्या रेनबो ड्राइव्ह या वसाहतीने हाच विचार शेजाऱ्यांसह केला. तिथे कावेरीचं पाणी पोचलेलं नव्हतं. रहिवाशांनी खासगी बोअर बंद ठेवल्या, घरोघर जिरवण्याच्या विहिरी घेतल्या आणि जास्त वापरेल त्याला चढा दर लावला. अशा ठरावांसाठी किती सभा, किती वादावादी लागत असेल याची कल्पना सोसायटीच्या कमिटीवर काम केलेल्या कुणालाही येईल. पाण्यापेक्षा ही भांडणं निस्तरणं अवघड असतं.

माझ्यासारख्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना छप्परही नाही आणि जमीनही नाही. बंगळूरमधली बरीच मराठी कुटुंबं याच वर्गात मोडतात: नोकरीसाठी आलेली, अकरा महिन्यांच्या करारावरची. आमच्या हातात येतं ते कचऱ्याचं खातं. आणि या शहरात ते लहान खातं नाही. मावळ्ळिपुरा आणि मंडूर या गावांनी वर्षानुवर्षं बंगळूरचा कचरा अंगावर घेतला. त्यांच्या विहिरी नासल्या, माश्यांनी जगणं नकोसं केलं. गावकऱ्यांनी रस्ते अडवले, तेव्हा २०१२ मध्ये मावळ्ळिपुरा आणि २०१४ च्या अखेरीस मंडूर बंद झालं. त्याआधीच, २००९ पासून, शहरातल्या काही नागरिकांनी घनकचरा गोलमेज मंच स्थापून घराघरात वर्गीकरणाचा आग्रह धरला होता. मल्लेश्वरमच्या वाणी मूर्ती या त्यातल्याच. खत करायला शिकवणारी ही बाई आज साऱ्या देशाला ठाऊक आहे. पूनम बीर कस्तुरी यांनी २००६ मध्ये ‘डेली डंप’ सुरू केलं, कुंभारांकडून खतासाठी मातीची भांडी घडवून घेतली आणि त्यांची रचना इतरांना खुली ठेवली.

त्या भांड्यांची उतरंड आमच्या बाल्कनीत आहे. एकावर एक तीन मडकी, बाजूला भोकं, वर झाकण. वरच्या मडक्यात भाजीची देठं, चहाचा चोथा, केळ्याची सालं बारीक करून घालायची, वर मूठभर कोकोपीट किंवा वाळका पाला पसरायचा. सुरुवातीला विरजण म्हणून आंबट ताक किंवा जुनं खत. मडकं भरलं की खाली सरकवायचं आणि रिकामं वर घ्यायचं. ओल जास्त झाली तर वास सुटतो; तेव्हा पाला वाढवायचा आणि खालवर करायचं. पांढुरक्या अळ्या दिसल्या की पाहुणे घाबरतात, पण त्या निरुपद्रवी असतात आणि काम झपाट्याने उरकतात. दोन-तीन महिन्यांनी सगळ्यात खालच्या मडक्यातून जे निघतं, त्याला पहिल्या पावसानंतरच्या रानाचा वास असतो. घरच्या कचऱ्यातला निम्म्याहून जास्त भाग ओला असतो. तो असा घरातच जिरला की उरलेला कोरडा कचरा वेचणाऱ्यांच्या हाती स्वच्छ जातो आणि त्यांना त्याचा भाव मिळतो.

एक गोष्ट इथे स्पष्ट बोलली पाहिजे. अशा घरगुती प्रयोगांची कामं पुष्कळदा घरातल्या बाईच्या अंगावर पडतात, किंवा धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींच्या. नवरा गच्चीवरच्या टोमॅटोचे फोटो काढतो आणि बायको कुजलेला पाला उपसते, अशी घरं मी पाहिली आहेत. त्याला स्वावलंबन म्हणायला मी तयार नाही. आमच्या घरी मडकी खालवर करण्याचं काम आळीपाळीने होतं आणि मावशींना त्याला हात लावायला सांगितलं जात नाही.

भाजीचं खातं बंगळूरने हौसेने उघडलं आहे, त्याचं बरंचसं श्रेय कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेल्या डॉ. बी. एन. विश्वनाथ यांना. त्यांनी वर्षानुवर्षं लोकांना गच्चीवर सेंद्रिय भाजी लावायला शिकवलं. त्यातून गार्डन सिटी फार्मर्स ही संस्था आणि २०११ पासून ‘ऊट फ्रॉम युअर तोट’ नावाचा मेळावा सुरू झाला. ऊट म्हणजे जेवण, तोट म्हणजे बाग. तिथे बियाणं, रोपं, खत, माहिती सगळ्याची देवघेव चालते. इथल्या हवेत पालेभाजी बाराही महिने येते. मायाळू, शेवगा, ओव्याची पानं यांना तर फारसं कौतुकही लागत नाही. कांदे-बटाटे पिकवण्याच्या नादी लागू नये. कुंडी अडते, वजन भरत नाही. रोजची मूठभर ताजी भाजी मात्र गच्ची निश्चित देते, आणि ती फवारलेली नसते.

उन्हाच्या खात्याबद्दल थोडक्यात. बंगळूरच्या कुठल्याही उंच इमारतीतून खाली पाहिलं तर गच्च्या-गच्च्यांवर सोलरचे बंब दिसतात. आंघोळीचं पाणी हे शहर फार पूर्वीपासून उन्हावर तापवत आलं आहे. हरीश हांडे यांची १९९५ मध्ये सुरू झालेली सेल्को ही कंपनी इथलीच. गरिबांच्या घरी सौरदिवे पोचवल्याबद्दल त्यांना २०११ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. फेब्रुवारी २०२४ पासून केंद्राच्या योजनेत ३ किलोवॅटच्या घरगुती संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. स्वतःची गच्ची असेल तर उशीर करण्याचं कारण नाही.

शहर सोडून जाणाऱ्यांची वाट वेगळी. दोड्डबळ्ळापूरजवळ एल. नारायण रेड्डी यांनी सेंद्रिय शेती उभी केली आणि २०१९ मध्ये जाईपर्यंत शेकडो लोकांना शिकवली. बंगळूरपासून पन्नासेक किलोमीटरवर, तमिळनाडूच्या हद्दीत, नवदर्शनम्‌ हा समूह १९९० पासून आहे. गांधीविचारातून आलेल्या या मंडळींनी उजाड जमीन चराईपासून राखली, तेव्हा रान आपोआप परतलं. रानाबरोबर हत्तीही आले आणि पिकात शिरले. निसर्गाला परत बोलावलं की तो आपल्या सोयीने येत नाही, हे त्यांनी स्वीकारलं.

२०२० मध्ये कर्नाटकाने जमीन सुधारणा कायद्यातली कलमं रद्द केली आणि बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेणं खुलं झालं. महाराष्ट्रात अजूनही शेतकरी असल्याचा दाखला लागतो. कर्नाटकातल्या या बदलापासून बंगळूरभोवती ‘मॅनेज्ड फार्मलँड’च्या जाहिरातींचं पीक आलं आहे: पाव एकर घ्या, आम्ही झाडं लावू, तुम्ही शनिवारी या. दुसऱ्याने राबायचं आणि आपण आंबे न्यायचे, ही जुनीच जमीनदारी आहे. पैसे गुंतवायचे तर खुशाल गुंतवावेत, पण त्याला साधेपणाचं नाव देऊ नये.

याच शहरात जून १९२७ मध्ये प्रकृती सावरण्यासाठी आलेले गांधीजी सरकारी दुग्धशाळेत जाऊन गाईंची निगा शिकत होते. तिथल्या नोंदवहीत त्यांनी स्वतःची ओळख साबरमतीचा शेतकरी अशी लिहिली. खादी आणि ग्रामोद्योग सांगणारा माणूस वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी तज्ज्ञांपुढे विद्यार्थी होऊन बसला, हे मला फार मोलाचं वाटतं. विनोबांनी स्थापलेल्या सहा आश्रमांपैकी वल्लभ निकेतन हा १९६५ चा आश्रमही बंगळूरचाच. त्याआधी पवनारला त्यांनी कांचनमुक्तीचा प्रयोग केला होता: पैसा नको, बैलही नको, रहाट आश्रमवासीयांनी हातांनी ओढायचा. तो टोकाचा होता आणि टोकाचा असणं हेच त्याचं काम होतं. पण तोही एकट्याने केला नव्हता.

असंच एकत्र जमून काम करायला नोव्हेंबर २०१५ पासून बंगळूरमध्ये रिपेअर कॅफे भरतो. अ‍ॅमस्टरडॅममध्ये २००९ साली सुरू झालेली ही कल्पना. बिघडलेला मिक्सर, तुटलेली छत्री, बंद पडलेली इस्त्री घेऊन या आणि जाणत्या माणसाशेजारी बसून स्वतः दुरुस्त करा. ना छप्पर लागतं ना जमीन. आपल्या आजोबांना फ्यूज बांधता येत होता आणि आजीला गोधडी शिवता येत होती. ती कौशल्यं परत मिळवणं हेही एक खातं आहे, आणि भाडेकरूला सगळ्यात सोयीचं.

तेव्हा वाचकहो, एवढं करा. दिवाळीची पाहुणेमंडळी परतली की टेप घेऊन गच्चीवर जा आणि लांबी-रुंदी मोजा. पुण्यासारख्या ७०० मिलिमीटरच्या गावात हजार चौरस फुटांवर वर्षाला सुमारे ६५,००० लिटर पाणी पडतं. तुमचं ते आज कुठे जातं ते पाहा. सोसायटीत राहत असाल तर पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत गच्चीचं पाणी जिरवण्याचा विषय लेखी द्या. बंगळूरला येणं झालं, तर लालबाग पाहून झाल्यावर जयनगरच्या पाचव्या ब्लॉकमधलं विश्वेश्वरय्यांच्या नावाचं पाऊसपाणी उद्यान पाहा. पाऊसपाण्याच्या वेगवेगळ्या पद्धती तिथे मांडून ठेवल्या आहेत. आणि पुढचा पावसाळा जूनमध्ये सुरू होतो. नळी जोडायचं काम मे महिन्याच्या आत उरका.